मुंबईच्या उकाड्यात पाणी पिऊनही लघवी कमी आणि गडद का होते?
मे महिन्यात लोकलच्या गर्दीत घामावाटे इतके पाणी जाते की रक्त किंचित घट्ट होते. हे मेंदूला जाणवताच मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक (हार्मोन) स्रवते आणि त्याच्या प्रभावाने मूत्रपिंडे गाळलेले पाणी अधिक प्रमाणात रक्तात परत घेतात. एरवीही दोन्ही मूत्रपिंडांतील प्रत्येकी सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, मिळून दिवसाला अंदाजे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते ती जेमतेम दीड लिटर. उकाड्यात ती आणखी घटते, रंगद्रव्य मात्र तेवढेच राहते, म्हणून रंग गडद दिसतो. मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय यांचा यात हात नाही. त्यांचे काम वाहून नेण्याचे आणि साठवण्याचे. लघवी लालसर दिसली, तर मात्र उकाड्याला दोष न देता डॉक्टरांना दाखवावे.