डिकीवाली जुनी गाडी घ्यायची म्हणतोय...

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली, सेकंडहँड छोटी सेडान. त्यातली चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण तो प्रश्न जवळजवळ सगळ्यांचाच आहे.

प्रश्न : बजेट साडेतीन लाख. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. ऑफिस घरापासून ६ किलोमीटर, वर्षातून चारेक वेळा गावी जाणं होतं, जाऊन येऊन ५०० किलोमीटर. २०१४ ची डिझेल डिझायर बघून आलोय, ९२ हजार चाललीये, सेकंड ओनर, डीलर म्हणतो डॉक्टरची गाडी आहे. मेव्हणा म्हणतो डिझेलच्या नादाला लागू नको, होंडाची पेट्रोल अमेझ बघ. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मेव्हण्याचं ऐका. (हे वाक्य आयुष्यात फार वेळा लिहायला मिळत नाही.)

हिशोब करून बघा ना, रोजचे १२ किलोमीटर म्हणजे महिन्याला ३००, वर्षाचे ३६००, त्यात गावचे २०००, झाले ५६००. पेट्रोल १५ चं ॲव्हरेज आणि १०४ रुपये लिटर धरलं तर वर्षाला ३९ हजाराच्या आसपास, डिझेल १९ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये धरलं तर साडेसव्वीस हजार. म्हणजे महिन्याला हजारभर रुपये वाचले. आता दहा-अकरा वर्षांच्या डिझेल गाडीत एखादा इंजेक्टर गेला किंवा टर्बोचं काम निघालं की दोन वर्षांची बचत एका बिलात जाते, आणि ६ किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन नीट तापतसुद्धा नाही, ईजीआरमध्ये, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, काजळी साठत राहते. इंजिन वाईट नाहीये हां, ते १२४८ सीसीचं इंजिन हायवेला मस्त ओढतं, माझ्याकडे स्वतःची २०१३ ची तीच गाडी आहे म्हणून सांगतोय, पण माझं आठवड्याला पुणे-कोल्हापूर असतं. तुमचं नाही.

दुसरं डिकीचं. आई सोबत म्हणजे वॉकर, पिशव्या, गावाहून येताना तांदळाचं पोतं हे सगळं आलंच. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांची एक्साइज कमी झाली, तेव्हापासून आपल्याकडे सेडानची शेपूट कापायची पद्धत पडली. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती, डिकी ४४० लिटरची. २०१२ ला ती ३९९५ मध्ये बसवली आणि डिकी झाली ३१६ लिटर. तुम्ही बघताय ती हीच. पहिल्या अमेझची डिकी ४०० लिटर, ह्युंदाई एक्सेंटची ४०७, आणि २०१७ ला आलेल्या डिझायरची ३७८. कुणी सीएनजी बसवलेली दाखवली तर डिकी उघडूनच बघा, टाकी बसल्यावर उरते ती डिकी नाही, कप्पा.

आता ती 'डॉक्टरची गाडी'. मी आजवर बघितलेल्या प्रत्येक जुन्या गाडीचा मालक एकतर डॉक्टर होता नाहीतर बँक मॅनेजर. माझी गाडी पण डॉक्टरचीच म्हणून आली, मीटरवर ६४ हजार. घेतल्यावर सर्व्हिसिंगला नेली, तिथल्या माणसाने नंबर टाकला आणि म्हणाला, साहेब मागच्या वेळी ही गाडी आली तेव्हा १ लाख ८ हजार होती. डीलर तोपर्यंत फोन उचलायचा बंद. आणि खरं तर मला आधीच दिसायला हवं होतं, क्लचच्या पेडलचं रबर डाव्या कोपऱ्यात पार गुळगुळीत झालेलं, खालचा पत्रा चमकत होता, ६४ हजारात एवढं झिजत नाही. तेव्हा मी नवीन सीटकव्हरच बघत बसलो होतो.

म्हणून गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि पोचल्या पोचल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा तुम्ही यायच्या आधी कुणीतरी चालू करून ठेवली होती, चहा घ्या, घरी जा, दुसऱ्या दिवशी न सांगता परत या. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसं उठतं आणि मागून धूर कसला येतो ते बघायचंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी चांगली असली तरी टायर म्हातारा असू शकतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, वरचा भाग सगळे पुसतात, आत गुंडाळलेल्या पट्टीवर मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूणला किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंय, त्या सगळ्या काही भंगारात गेल्या नसणार. स्टेपनी काढून खालचा पत्रा पण बघा.

आणि आरसीची हिस्टरी काढा. या टाइपच्या गाड्या टॅक्सीला खूप चालल्या, पिवळी पाटी काढून पांढरी केलेली गाडी घेणं गुन्हा नाही, पण मग किंमत तशी लावा. शिवाय २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ ला पंधरा वर्षं पूर्ण, तेव्हा पासिंग, ग्रीन टॅक्स आलं. साडेतीन लाखातले चाळीस हजार पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला काढा, बॅटरी, टायर, क्लचप्लेट यातलं काहीतरी निघतंच.

प्रश्न : तीन महिने झाले गाडी घेऊन, पैसे पूर्ण दिले, पण आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर. एजंट म्हणतो होईल, होईल. काळजीचं आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तुमची मुदत गेली, थोडा दंड बसेल तो भरा आणि मोकळे व्हा. फॉर्म २९ आणि ३० वर (नाव बदलायचे अर्ज) जुन्या मालकाची सही झालीये का ते आधी बघा, आणि गाडीवर लोन होतं का ते. लोन फिटलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय तो उतरत नाही, बहुतेक एजंटांची गाडी इथेच अडकलेली असते. जुनी ई-चलनं पण तपासा. एजंटला बाजूला ठेवून जुन्या मालकालाच फोन करा. अपघात झाला तर भरपाईला कागदावरचा मालक जबाबदार धरला जातो हे त्याला सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला तेच म्हटलंय, तो स्वतःच पळत येईल.

इन्शुरन्स पण नावावर करायला १४ दिवसच असतात. ते केलं नसेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियम वाढला तर दचकू नका.

प्रश्न : दिल्ली पासिंगची नऊ वर्षांची डिझेल सेडान इथल्यापेक्षा ८० हजाराने स्वस्त मिळतेय. घ्यावी का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : स्वस्त का आहे ते बघा. तिकडे दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर बंदीचं लचांड आलं, तेव्हापासून नवव्या वर्षी लोक काढून टाकायला लागले. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथे नवीन नंबर, आणि मुख्य म्हणजे महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो पण भरावा लागतोच. आधी आपल्या आरटीओत जाऊन आकडा काढून घ्या, मगच टोकन द्या. आणि तिथला मेकॅनिक तुमच्या ओळखीचा नसेल तर फोटोवर गाडी घेऊ नका, एवढंच.

प्रश्न : मागे तिघं बसले आणि डिकी भरली की आमची गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून घासते. गॅरेजवाला स्प्रिंगमध्ये रबर टाकू म्हणतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : रबर नको. गाडी वर उचलते पण स्प्रिंग कडक होऊन मागून उसळायला लागते, आणि तुमच्याकडे घाट. रिकामी गाडी सपाट जागेवर लावा आणि मागून बघा, एक बाजू खाली बसलेली दिसली तर मागच्या स्प्रिंगा थकल्यात, जोडीनेच बदला, शॉकॲबसॉर्बर पण तेव्हाच तपासून घ्या. तोवर स्पीडब्रेकर तिरका घ्या, आणि डिकीत ते आंब्याच्या पेट्यांखालचं जुनं सामान किती दिवस फिरवताय ते पण बघा.