जपानी बोलताना समोरचा माणूस बघून भाषा बदलते म्हणजे नक्की काय? आपल्या तू-तुम्हीसारखंच का?

थोडंफार तसंच, पण फक्त तू-तुम्हीच्या भरवशावर जपानीत गेलात तर पहिल्याच महिन्यात अडकाल. आपल्याकडे साहेब म्हटलं की ते सगळ्यांपुढे साहेबच, मान त्या माणसाला चिकटलेला. जपानीत कोणाबद्दल बोलताय याच्याइतकंच कोणापुढे बोलताय हे बघावं लागतं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकताना हे मी वहीत लिहून घेतलं होतं, खरं डोक्यात शिरलं ते नागोयाला नोकरीला लागल्यावर.

झालं असं की दुसऱ्याच आठवड्यात एका क्लायंटचा फोन आला आणि आमचे साहेब जागेवर नव्हते. त्यांचं नाव समजा तानाका, हुद्दा 'बुचौ' म्हणजे डिपार्टमेंटचे प्रमुख. मी अगदी अदबीने आदरार्थी रूप वापरून सांगितलं, 'तानाका बुचौ वा इमा इराश्शाइमासेन', आत्ता इथे नाहीयेत. मराठी डोक्याला हे बरोबरच वाटतं ना, 'साहेब बाहेर गेलाय' असं बाहेरच्याला कोण सांगेल! फोन ठेवल्यावर शेजारच्या सिनियर बाई हळूच म्हणाल्या, क्लायंटपुढे आपल्या साहेबांना मान द्यायचा नाही, नावामागे लावायचं 'सान', म्हणजे आपलं 'जी', तेसुद्धा लावायचं नाही, नुसतं तानाका म्हणायचं आणि क्रियापद नम्रतेचं, 'तानाका वा इमा सेकी ओ हाझुश्ते ओरिमास', तानाका आत्ता जागेवर नाही. कारण त्या वेळी मी, तानाका आणि अख्खं ऑफिस एका घरातले आणि क्लायंट पाहुणा, पाहुण्यापुढे घरच्यांचा मोठेपणा सांगत नाहीत. मग त्या म्हणाल्या, पण फोन तानाकांच्या बायकोचा असेल तर परत 'तानाका सान' आणि आदरार्थी क्रियापद, कारण तिच्यासाठी ते आपल्यापेक्षा जवळचे. मी दोन्ही वाक्यं चिठ्ठीवर लिहून फोनशेजारी चिकटवली, सहा महिने ती चिठ्ठी तिथेच होती.

या आतल्या-बाहेरच्याला 'उचि' आणि 'सोतो' म्हणतात आणि ही रेघ सारखी सरकते. घरात आईला हाक मारताना 'ओकासान', पण बाहेरच्याला स्वतःच्या आईबद्दल सांगताना 'हाहा', आणि दुसऱ्याच्या आईला मात्र कायम ओकासान.

आदराच्या भाषेला 'केइगो' म्हणतात. जेवणे हे साधं क्रियापद 'ताबेरु', साहेब जेवले तर 'मेशिआगारु', मी साहेबांपुढे स्वतःबद्दल बोलतेय तर 'इतादाकु', म्हणजे प्रत्यय बदलून भागत नाही, शब्दच वेगळा. जेवायच्या आधी सगळे जे 'इतादाकिमास' म्हणतात ते हेच, मिळालेलं नम्रपणे घेतेय अशा अर्थाचं. शाळेत केइगोचे तीन प्रकार शिकवायचे, २००७ साली सरकारच्या सांस्कृतिक परिषदेने त्याचे पाच केले, त्यामुळे जपानी लोकांनाही हे आईच्या दुधाबरोबर येतं असं समजू नका, नवीन लागलेल्या पोरांना कंपन्या रीतसर ट्रेनिंग देतात.

मला सगळ्यात आवडतात ती देण्या-घेण्याची क्रियापदं. मी कोणाला दिलं तर 'आगेरु', पण कोणी मला किंवा माझ्या माणसाला दिलं तर 'कुरेरु'. मैत्रिणीने माझ्या धाकट्या बहिणीला पुस्तक दिलं तरी कुरेरु, कारण बहीण माझ्या बाजूची. आणि हे नुसत्या वस्तूंचं नाही, कोणी रस्ता दाखवला तर 'ओशिएते कुरेता', दाखवून दिला, त्यात त्याने माझ्यासाठी केलं हे आपोआप येतं. नुसतं 'ओशिएता' म्हटलं तर व्याकरण बरोबर पण ऐकणाऱ्याला कोरडं लागतं, उपकाराची जाणीवच नाही असं. माझ्या मते जपानी समाज समजून घ्यायचा असेल तर केइगोच्या आधी हे एक क्रियापद नीट शिका.

तुमच्या तू-तुम्हीबद्दल म्हणाल तर पुस्तकात 'आनाता' म्हणजे तुम्ही असं असतं पण ते साहेबांना कधीही म्हणू नका, उद्धट वाटतं, आडनावाला सान लावा नाहीतर हुद्दा वापरा. बायका नवऱ्याला मात्र आनाता म्हणतात, आपलं 'अहो' आहे ना, अगदी तसं. भाऊ म्हणायलासुद्धा थोरला की धाकटा हे ठरवावं लागतं, थोरला 'आनि', धाकटा 'ओतोतो'. आणि काम संपल्यावर साहेबांना 'ओत्सुकारेसामा' म्हणायचं, म्हणजे साधारण 'दमलात हं', त्याच अर्थाचं 'गोकुरोसामा' फक्त वरच्याने खालच्याला.

एक गोष्ट मात्र मला शिकावी लागली नाही. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमास' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येते', आणि घरातले म्हणतात 'इत्तेराश्शाइ', 'जाऊन ये'. माझी आजी नुसतं 'जाते' म्हणू द्यायची नाही. नागोयाला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या आजी रोज सकाळी दारापर्यंत येऊन इत्तेराश्शाइ म्हणायच्या, पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि माझ्या तोंडून आपसूक मराठीतच 'येते हं आजी' निघून गेलं.