मान दुखते, उपचार बैठकीपासून सुरू करावा

प्रश्न : मी निपाणीत राहते. वय ४७ वर्षे. गेली वीस वर्षे घरीच विड्या वळते. दोन वर्षांपासून मान आणि डावा खांदा सतत दुखतो. काही दिवस सकाळी मान इतकी आखडते की मागे बघायचे झाले तर सगळे अंग वळवावे लागते. गोळ्या झाल्या, मलमे झाली, दोन वेळा दहा-दहा दिवस मशीनचा शेकही घेतला. तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पंधरा दिवसांत दुखणे परत येते. डॉक्टर काम बंद करायला सांगतात, पण ते मला परवडणारे नाही. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील 'तेवढ्यापुरते बरे वाटते' हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. शेकाने आखडलेला स्नायू सैल होतो, यात शंका नाही. पण तो ज्या कारणाने आखडतो, ते कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही सूप पुढ्यात घेऊन बसताच पुन्हा सुरू होते. फिजिओथेरपीच्या कामाच्या सुरुवातीच्या काही वर्षांत मीसुद्धा मानदुखीच्या रुग्णाच्या केवळ मानेवरच उपचार करीत असे आणि तेच चेहरे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा समोर दिसत. पुढे मी प्रत्येकाला 'काम करताना जसे बसता, तसे येथे बसून दाखवा' असे सांगू लागले आणि बहुतेक वेळा दुखण्याचे मूळ मानेच्या बरेच खाली सापडू लागले.

तुमच्या बाबतीत ते कुठे असावे, हे पाहू. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर राहिले, तर कंबर मागे कलते, तिचा नैसर्गिक बाक जातो, त्यावरची पाठ पोक काढते आणि नजर सुपात ठेवण्यासाठी मान पुढे झुकते. डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मान सरळ असताना हा भार मानेचे सात मणके आणि त्यांच्या लगतचे खोल, लहान स्नायू सहज पेलतात. मान झुकली की तो मागच्या मोठ्या स्नायूंवर येतो. न्यूयॉर्कमधील कण्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडलेल्या हिशोबाप्रमाणे मान ६० अंश झुकली की मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो. हे संगणकावरचे गणित आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. तरीही हजार विड्यांचा हिशोब पुरा होईपर्यंत आठ-दहा तास मान खाली घालून बसणाऱ्या बाईला ते पटवून द्यावे लागत नाही.

याखेरीज तीन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पहिली म्हणजे डोळे. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते. चष्मा नसेल, तर पान आणि दोरा नीट दिसावा म्हणून माणूस नकळत आणखी वाकतो. तुम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत डोळे तपासले नसतील, तर मलमाची पुढची बाटली आणण्याआधी ते काम करा. दुसरी म्हणजे हात. कोपरांना कशाचाच आधार नसल्यामुळे दोन्ही हातांचे ओझे दिवसभर मानेपासून खांद्यापर्यंत गेलेल्या स्नायूंना टांगलेले असते. तिसरी म्हणजे श्वास. पोक काढून बसल्यावर पोट दाबले जाते, श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही आणि श्वास वरवरचा होतो. मग मानेच्या बाजूचे स्नायू, जे एरवी धावपळीच्या वेळीच मदतीला यायचे, ते प्रत्येक श्वासाला बरगड्या वर ओढू लागतात. मजुरीची आणि घरखर्चाची चिंता असली की खांदे आणि जबडा आवळलेलेच राहतात, झोप उथळ होते आणि अपुऱ्या झोपेने तेच दुखणे अधिक तीव्र जाणवते.

जिची मजुरी हजारावर ठरते, तिला 'विश्रांती घ्या' एवढेच सांगणे हा उपचार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. काम चालू ठेवून बैठक बदलता येते. जाड घोंगडी किंवा पोती यांची घडी करून चार-पाच इंच उंच बैठक करा आणि गुडघे खुब्यांच्या खाली जातील, अशा रीतीने त्यावर बसा. पाठ भिंतीला टेकवा आणि कंबरेच्या खोलगट भागात जुन्या लुगड्याची गुंडाळी ठेवा. सूप मांडीवर न ठेवता पाटावर किंवा एखाद्या बुटक्या स्टुलावर ठेवा, म्हणजे विडी नजरेकडे येईल आणि नजरेला विडीकडे जावे लागणार नाही. दोन्ही कोपरांखाली उशा घ्या. उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने हातांवर पडेल, अशी जागा निवडा. पहिले चार दिवस हात मंद चालल्यासारखे वाटतील, ते मनावर घेऊ नका.

दर पन्नास विड्यांनंतर उठून उभे राहा, दोन्ही हात वर ताणा, छाती उघडा आणि पोट फुगेल असे पाच सावकाश श्वास घ्या. याला दोन मिनिटे पुरतात. दुखणे सुरू झाल्यावर घेतलेल्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीपेक्षा दुखण्याआधी घेतलेली ही दोन मिनिटे अधिक उपयोगी पडतात.

व्यायामाबाबत मात्र मी आग्रही आहे, कारण कमजोर स्नायू कितीही शेकला तरी बळकट होत नाही. उताणे झोपून डोके न उचलता हनुवटी किंचित आत घ्यावी, जणू हलकेच होकार देत आहोत, आणि दहा आकडे मोजून सोडावी. असे दहा वेळा करावे. यात मानेच्या पुढच्या बाजूचे खोल स्नायू कामाला लागतात, जे दीर्घकाळच्या मानदुखीत मंदावलेले असतात. नंतर गोदडीची घट्ट गुंडाळी खवाट्यांच्या खाली आडवी ठेवून तिच्यावर पाच मिनिटे पडून राहावे, म्हणजे पाठीचा ताठरपणा कमी होईल. पाठ वळू लागली की तिच्या वाट्याचे वळणे मानेला करावे लागत नाही. तिसरा व्यायाम पाण्याने भरलेल्या दोन बाटल्यांचा : त्या हातांत घेऊन दोन्ही हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे आणि सावकाश खाली आणायचे. डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या, कार्यालयात काम करणाऱ्या १९८ जणांच्या तीन गटांपैकी एका गटाला रबरी पट्टीने असा व्यायाम रोज फक्त दोन मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस करायला लावला, तेव्हा दहा आठवड्यांत त्यांच्या वेदना लक्षणीय घटल्या. रोज बारा मिनिटे व्यायाम करणाऱ्या गटालाही फायदा झाला. तुमची बैठक त्यांच्यापेक्षा कठीण आहे, म्हणून तुम्ही पाच मिनिटे धरा. संध्याकाळी वीस-तीस मिनिटे चालणेही याच उपचाराचा भाग समजा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात; मधे एखादा वाईट दिवस आला, तर व्यायाम निम्मा करा, पण बंद करू नका.

शेक चालू ठेवायला हरकत नाही. वेदनाशामक गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने रोज घेऊ नका. त्या पोटाला आणि मूत्रपिंडांना अपाय करतात.

हातांत मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, विडी वळताना किंवा गुंडी लावताना बोटे चुकत असतील, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, मानेसोबत ताप असेल, कारणाविना वजन उतरत असेल किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखू लागली असेल, तर वर सांगितलेले काहीही करीत न बसता ताबडतोब डॉक्टरांना दाखवा. डाव्या खांद्यातील दुखणे चालताना वाढत असेल किंवा सोबत छातीत दाब आणि घाम येत असेल, तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हा एक दिवसही थांबू नये. दवाखान्यात कन्नडच बोलणारे डॉक्टर असतील, तर ती भाषा नीट येणारे घरचे माणूस सोबत न्या, कारण 'दुखते', 'मुंग्या येतात' आणि 'बळ नाही' या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तपासणीची दिशा त्यांवरूनच ठरते.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील शाळेत शिक्षक आहे, वय ३८ वर्षे. एमआरआयमध्ये मानेची चकती सरकल्याचे लिहून आले. आठ महिने पट्टा वापरतो आहे, तो काढायची भीती वाटते. केशकर्तनालयात मालिश करून मान 'मोडून' घेतली की मात्र मोकळे वाटते. हे चालेल का?

उत्तर : सर, आधी अहवालाची भीती दूर करू. जपानमध्ये १,२११ निरोगी, कोणतीही तक्रार नसलेल्या स्त्री-पुरुषांच्या मानेचे एमआरआय केले गेले आणि २०१५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील ८७ टक्क्यांहून अधिक जणांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. तेव्हा अहवालातील तो शब्द म्हणजे तुमच्या दुखण्याचे कारण, असे आपोआप ठरत नाही. हाताची ताकद, स्पर्शज्ञान आणि स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया तपासूनच ते ठरते. या तपासण्या ठीक आल्या असतील, तर पट्ट्याची गरज तीव्र दुखण्याच्या थोड्या दिवसांपुरतीच असते. आठ महिन्यांत तुमच्या मानेचे स्नायू आळसावले असणार, म्हणून तो एकदम न काढता रोज एकेक तास कमी करीत तीन आठवड्यांत सोडा आणि पहिल्या उत्तरातील हनुवटीचा व्यायाम पट्टा काढलेल्या वेळेत करा. वह्या तपासताना त्या टेबलावर सपाट न ठेवता तिरक्या फळीवर ठेवा.

मान मोडून घेणे आजपासून बंद करा. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतूनच वर जातात. अचानक दिलेल्या झटक्याने त्यांचे आतले अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. असे क्वचित घडते, पण घडले की भरून येत नाही. मालिश करून घ्यायला हरकत नाही. खुर्चीवर बसतानाच 'फक्त चोळा, झटका देऊ नका' असे सांगावे.