'लक्षणीय फरक नाही' म्हणजे काय?

औषधांच्या चाचण्यांच्या वृत्तांतात 'दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही' असे वाक्य वारंवार येते. त्याचा अर्थ 'औषधाचा उपयोग होत नाही' असा घ्यावा का, अशी पृच्छा आहे. तसा तो घेऊ नये.

व्यवहारात 'लक्षणीय' म्हणजे नजरेत भरण्याजोगे, उदाहरणार्थ लक्षणीय वाढ किंवा लक्षणीय उपस्थिती. संख्याशास्त्रात मात्र हे विशेषण फरकाच्या आकाराविषयी काहीच सांगत नाही. औषधाचा मुळात काहीच परिणाम नाही असे गृहीत धरले, तर चाचणीत दिसला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, हे काढतात, आणि ती ०.०५ पेक्षा कमी निघाली की फरकाला 'लक्षणीय' म्हणतात. ही सीमा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. पुढे तिचा दंडकच झाला. ही शक्यता रुग्णसंख्येवरही अवलंबून असते; त्यामुळे रुग्ण हजारोंनी असले तर नगण्य फरकही 'लक्षणीय' ठरू शकतो, आणि थोडे असले तर चांगला मोठा फरकही कदाचित ठरत नाही.

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या चाचणीत हृदयविकाराचा झटका आल्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण होते, आणि ॲस्पिरिनचा फायदा त्यात निःसंशय दिसला. तरीही संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशीनुसार विभागणी करून दाखवली (पाश्चात्त्य सूर्यरास, आपली चंद्ररास नव्हे): मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांत ॲस्पिरिनचा किंचित अपायच दिसला, पण तो लक्षणीय नव्हता; उरलेल्या राशींत मात्र फायदा ठळक होता. यावरून 'मिथुनेला ॲस्पिरिन लागू पडत नाही' असे कोणी म्हटले तर आपण हसू. पण 'स्त्रियांत लक्षणीय फायदा नाही, पुरुषांत आहे' हे वाक्य आपण गंभीरपणे वाचतो, जरी त्यात दोन गटांतील परिणामांची परस्परांशी थेट तुलना झालेलीच नसते.

म्हणून 'फरक असल्याचे या चाचणीतून सिद्ध झाले नाही' असे लिहावे, आणि फरक किती दिसला व तो कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकेल हे आकडे शेजारी द्यावेत. 'लक्षणीय'ऐवजी 'महत्त्वपूर्ण' हा पर्याय तर आणखीच दिशाभूल करतो. राहिला 'उपचारापूर्वी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता' हा प्रयोग: रुग्णांची गटांत वाटणी खरोखर यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी) असेल, तर आरंभीचा कोणताही फरक योगायोगाचाच असतो, आणि तो योगायोगाचा आहे का हे तपासण्यात अर्थच नसल्यामुळे तिथे हा शब्द सरळ गाळावा.