वेल्समधलं हॉलीहेड बंदर बेटावर आहे, मग लंडनची रेल्वे थेट तिथपर्यंत कशी जाते? डब्लिनला जाताना वाटेत होडी बदलावी लागते का?

नाही, होडी बदलावी लागत नाही. हॉलीहेडला उतरून थेट डब्लिनच्या जहाजात बसायचं.

शहर मात्र बेटाच्याही पलीकडच्या बेटावर आहे. वेल्सच्या वायव्येला अँगलसी, आणि त्याच्या पश्चिमेला अगदी खेटून होली आयलंड. हॉलीहेड या धाकट्या बेटावर. वेल्श नाव कायरगबी, म्हणजे संत कबीचा कोट. रोमन तटबंदीच्या आत त्याच्या नावाचं चर्च आजही आहे.

मी इंग्लंडमधल्या चेस्टरला राहतो, या मार्गाने बऱ्याचदा जातो. बेटांवर पोचायला रेल्वे दोनदा पाणी ओलांडते. पहिली मेनायची सामुद्रधुनी, वेल्सची मुख्य भूमी आणि अँगलसीमधली. तिच्यावर इंजिनियर टेलफर्डचा झुलता पूल 1826चा, तो रस्त्यासाठी. रेल्वेसाठी स्टीफन्सनने 1850मध्ये ब्रिटानिया पूल बांधला. 1970मध्ये तो आगीत सापडला, मग खाली पोलादी कमानी देऊन नव्याने उभारला आणि 1980मध्ये रुळांच्या डोक्यावर रस्ताही आला. दुसरं पाणी इतकं उथळ आहे की तिथे पूल न बांधता सरळ दगडी बांध घातलाय, 1823चा. रेल्वे त्यालाच लागून जाते. खिडकीबाहेर लक्ष नसेल तर बेट बदललेलं कळतही नाही.

एवढा खटाटोप डब्लिनसाठी झाला. 1801मध्ये आयर्लंड ब्रिटनशी जोडलं गेलं, तिथले खासदार लंडनच्या संसदेत बसू लागले. त्यांना आणि टपालाला धड रस्ता हवा होता. टेलफर्डचा तो रस्ता, आजचा ए-5, बंदरातल्या कमानीपाशी संपतो. या शहराचा नकाशा मला म्हणूनच फार आवडतो: सगळे रस्ते समुद्राकडे तोंड करून आहेत.

स्टेशन आणि जहाजाचं टर्मिनल एकाच इमारतीत आहे. रेल्वे-जहाज मिळून एकच तिकीट निघतं, तेच घ्या. डब्लिनला पोचायला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. पण डब्लिन बंदरात रेल्वे नाही, शहरात जायला बस धरावी लागते. भारतीय पासपोर्ट असेल आणि तुम्ही ब्रिटनमध्ये नोकरी किंवा शिक्षणासाठी राहत असाल, तर आयर्लंडचा व्हिसा वेगळा काढा. हे अनेकांना ऐनवेळी कळतं.

हिवाळ्यात निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघाच. डिसेंबर 2024च्या डॅरा वादळात धक्क्याचं नुकसान झालं आणि 16 जानेवारीपर्यंत बंदर बंद होतं, तेही ऐन नाताळात.

चेस्टर सोडलं की उजव्या खिडकीशी बसा, समुद्र त्या बाजूला आहे.