शेजाऱ्यांची नोटीस, निगमची नोटीस आणि ठेकेदाराचे पंधरा हजार

प्रश्न : वकीलताई, आम्ही इंदूरला सुदामा नगरात २९ वर्षं राहतो. गेल्या मे महिन्यात गेटपासून पोर्चपर्यंत ४० बाय १२ फुटांचा सिमेंटचा रस्ता, बाहेर नालीवरून रॅम्प आणि गच्चीच्या पाण्याचे नवे पाईप असं काम एका ठेकेदाराला १,४०,००० रुपयांत मालासकट दिलं. करार लिहिला नाही. व्हॉट्सॲपवर त्याचा 'चार इंची, एम-२० करून देतो' एवढा निरोप आहे (एम-२० म्हणजे काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा). १,२५,००० दिले, १५,००० थांबवले आहेत. तराई (नवं काँक्रीट पाणी मारून ओलं ठेवणं) त्याच्या माणसाने चार दिवस केली, पुढे आम्हीच पाईपने पाणी मारलं. पहिल्याच पावसात आडव्या-उभ्या भेगा पडल्या आणि उतार उलटा निघाला. अनंत चतुर्दशीला आम्ही झाँकी पाहायला गेलो होतो, परत आलो तर पुढच्या खोलीत घोटाभर पाणी. ठेकेदार म्हणतो, काळ्या मातीत भेगा पडतातच, शिवाय तुम्ही बाराव्या दिवशी पाण्याचा टँकर आत घेतलात (घेतला होता, हे खरं). आता खालच्या बाजूच्या शेजाऱ्यांनी भिंतीला ओल आली म्हणून वकिलामार्फत ६०,००० मागितले आहेत. निगमने (महापालिकेने) रॅम्प सात दिवसांत काढा म्हणून कागद चिकटवला आहे, त्यातले तीन दिवस गेले. मेहुणे म्हणतात निगमवर स्टे घ्या, ठेकेदारावर ४२० लावा आणि सगळं काँक्रीट उखडून टाका. काय करू?

उत्तर : काका, उखडू नका. निदान अजून नाही.

तुम्ही याला 'एक भानगड' म्हटलंय, पण त्या तीन आहेत आणि तिन्हींत तुमची जागा वेगळी आहे. ठेकेदारापुढे तुम्ही तक्रारदार. शेजाऱ्यांपुढे तक्रार तुमच्यावर. आणि निगमपुढे, राग मानू नका, चूक तुमची. तिन्हींची एकच मोट बांधली की एका ठिकाणी लिहिलेलं वाक्य दुसऱ्या ठिकाणी तुमच्यावरच उलटतं. शेजाऱ्यांना 'आमच्या कामात काहीच दोष नाही' असं उत्तर पाठवायचं आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराला 'काम सदोष आहे' म्हणून नोटीस द्यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. समोरचा वकील दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि गप्प बसतो. त्याला बोलायची गरजच उरत नाही.

निगमपासून सुरुवात करू, कारण तिथे घड्याळ चालू आहे. नाली आणि तिच्या कडेची पट्टी निगमची. तिच्यावर तुमचा मालकी हक्क नाही, कब्ज्याचाही नाही. मग न्यायालय स्टे देणार कशाच्या आधारावर? 'अख्ख्या गल्लीत रॅम्प आहेत, आमचाच का?' हा प्रश्न माणूस म्हणून रास्त आहे, कायद्यात मात्र चालत नाही. समानतेचा हक्क कायदेशीर गोष्टीत मागता येतो, दुसऱ्याच्या अतिक्रमणाएवढं अतिक्रमण आपल्यालाही मिळावं म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेकदा सांगितलंय. त्यात तुमच्या रॅम्पने नाली झाकली आहे. उद्या ती तुंबून गल्लीत पाणी साचलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली एस.डी.एम.कडे (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे) सार्वजनिक उपद्रवाची तक्रारही होऊ शकते. तेव्हा उद्याच झोन कार्यालयात लेखी द्या : रॅम्प आम्ही स्वतः काढतो, आठ दिवस वाढवून द्या, आणि नालीवर साफसफाईसाठी उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकायला परवानगी द्या. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. निगमच्या माणसांनी तोडलं तर खर्चही तुमच्याच नावावर लागेल.

रॅम्प काढायचाच आहे तर त्याचा उपयोग करून घ्या. गेटच्या रेषेवर घण मारू नका, कटरने सरळ कापायला सांगा. कापलेल्या कडेत आतल्या रस्त्याची जाडी उघडी पडेल. तिला टेप लावून फोटो काढा, टेपवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. खाली मुरूम दिसतो की थेट काळी माती, तेही फोटोत येऊ द्या. दोन मोठे तुकडे रंगाने खूण करून मागच्या अंगणात ठेवा.

आता ठेकेदार. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिली आहे : सिमेंटची पोती तुम्ही रोज वहीत मांडलीत आणि ती रॅम्पसकट २४ भरली. काका, ही तुमची जुनी सवय तुम्हाला वाचवणार असं दिसतंय. ४० बाय १२ फूट आणि चार इंच म्हणजे १६० घनफूट, साधारण साडेचार घनमीटर. एम-२० साठी आपल्याकडे मिस्त्री १:१.५:३ चा माल (सिमेंट, वाळू, खडी) धरतात, त्याला घनमीटरला सुमारे आठ पोती लागतात. म्हणजे नुसत्या रस्त्यालाच ३६ पोती हवी होती. २४ मध्ये रॅम्पही झाला असेल तर एकतर माल कच्चा आहे, नाहीतर जाडी चार इंच नाही. कदाचित दोन्ही. वही हा पुरावाच आहे, पण एकट्या वहीवर निकाल मिळणार नाही. ती फक्त कुठे खणायचं ते सांगते.

खणायचं म्हणजे कोअर काढायचे. एन.ए.बी.एल.ची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सिव्हिल विभागाकडून काँक्रीटचे गोल नमुने कापून तपासून घ्या. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे तीनपेक्षा कमी कोअर चालत नाहीत. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या ग्रेडच्या ८५ टक्के तरी भरली पाहिजे, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. कोअर जाडीही दाखवतो. उताराचं काम त्याहून सोपं : एखाद्या नोंदणीकृत इंजिनियरकडून दर पाच फुटांवर लेव्हल घेऊन सही-शिक्क्याचा नकाशा करून घ्या. रस्ता घराकडे उतरतोय हे कागदावर आलं की 'काळी माती' ही सबब तिथे लंगडी पडते. माती भेग पाडेल, पण उलटा उतार मातीने दिलेला नाही.

भेगांबद्दलही ती सबब पूर्ण चालत नाही. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे इथल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक आहे. म्हणूनच ती वरची माती काढून मुरूम भरतात, रोलर किंवा धुमसाने दाबतात आणि आठ-दहा फुटांवर जॉइंट (काँक्रीटला हलायला मुद्दाम सोडलेली फट) ठेवतात. तुमच्या फोटोंत ४० फुटांत एकही जॉइंट दिसत नाही. धोका माहीत असणं हा ठेकेदाराचा बचाव होत नाही, तो माहीत असतो म्हणूनच आपण त्याला पैसे देतो.

तुमची दुबळी बाजूही सांगते, कारण ती लपवायची नाही. टँकर. बाराव्या दिवशी काँक्रीटची पूर्ण ताकद आलेली नसते, तिची मोजणी २८ दिवसांवर होते. भरलेला टँकर तेव्हा आत आला हे ठेकेदार पहिल्याच जबाबात लिहील, म्हणून ते आपणच आधी लिहायचं : अमुक तारखेला, एकदा, पोर्चच्या अमुक ठिकाणापर्यंत. टँकर जिथे गेलाच नाही तिथेही भेगा असतील तर तोच मुद्दा तुमच्या बाजूला येतो, म्हणून एक कोअर तिथला काढा. तराईचंही तसंच. आय.एस. ४५६ साध्या सिमेंटला किमान सात आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओलावा सांगतं. त्याची चार दिवसांची तराई आणि तुमचं पाईपने पाणी मारणं यांत नेमके किती दिवस भरले ते वहीत असेल तर काढून ठेवा, नसेल तर आकडा बनवू नका.

४२०चं विसरा. ती कलमं आता भारतीय न्याय संहितेत आहेत, फसवणूक कलम ३१८ मध्ये. पण काम वाईट केलं म्हणजे फसवणूक नव्हे, पहिल्या दिवसापासून फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. ठाणेदार 'दिवाणी मामला है' म्हणून परत पाठवेल आणि या वेळी तो बरोबर असेल.

तुमचा खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. इथल्या पाटीवर 'उपभोक्ता' लिहिलंय म्हणून गोंधळू नका, तेच ते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचं काम येतं. तोंडी ठरलेला करारही करारच असतो, आणि तुमच्याकडे तर व्हॉट्सॲपचा निरोप आणि बँकेतून दिलेले पैसे आहेत. तो फोन विकू नका, रीसेट करू नका : भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्या निरोपाबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागेल. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही. (हे लिहिताना माझे सहकारी खांद्यावरून वाचत होते, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.)

पण तक्रारीआधी नोटीस, आणि ती नीट विचार करून. २०१८ मध्ये स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम २० बदललं. आता ज्याने करार मोडला त्याला किमान ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, त्यात त्याने दुरुस्ती केली नाही तर काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि खर्च पहिल्याकडून वसूल करायचा. खर्च मागता येतो तो काम खरोखर करून घेतल्यावर, बिलांसह. नोटीस न देता सगळं उखडलंत तर पुरावाही जातो आणि हा हक्कही अडचणीत येतो. नोटिशीत दोष एकेक लिहा, उतार दुरुस्त करायला ३० दिवस द्या, आणि १५,००० का थांबवले तेही स्पष्ट लिहा, म्हणजे उद्या ते 'बुडवले' असं म्हणता येणार नाही. रॅम्पचे पैसे मात्र या हिशोबातून वगळा. निगमच्या नालीवर रॅम्प मागितला तुम्हीच.

शेजाऱ्यांच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय, 'आमचं पाणी २९ वर्षं त्यांच्याच बाजूला जातं, हा आमचा हक्क झाला.' अर्धं बरोबर आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीकडे वाहू देणं, हे ईझमेंट्स ॲक्ट (वहिवाटीच्या हक्कांचा कायदा), १८८२ च्या कलम ७ च्या उदाहरणांतच आहे, त्याला २० वर्षांची अटही नाही. कलम १५ ची २० वर्षं वेगळ्या, वापरातून मिळवलेल्या हक्काला लागतात. पण दोन्हीकडे एक मेख आहे : गोळा करून, पाईपने, एका कोपऱ्यात सोडलेलं पाणी 'नैसर्गिक' राहत नाही. आणि वापरातून मिळालेल्या हक्काची पद्धत बदलताना समोरच्या जमिनीवर बोजा वाढवता येत नाही, हे कलम २३ सांगतं. पूर्वी गच्चीचं पाणी तीन जागी तुमच्याच बागेत पडायचं आणि मातीत बरंचसं मुरायचं. आता बागेच्या जागी काँक्रीट आहे आणि चार इंची दोन पाईप त्यांच्या भिंतीच्या कोपऱ्यावर उघडतात. हिशोब करा : ५० मिलिमीटर पावसात ४८० चौरस फुटांचा रस्ता आणि १००० चौरस फुटांची गच्ची मिळून सात हजार लिटरच्या आसपास पाणी. सुदामा नगरात येणाऱ्या पाच हजारी टँकरपेक्षा जास्त, एका भिंतीच्या पायाशी.

'काम ठेकेदाराचं, त्याला विचारा' हे उत्तर त्यांना देता येणार नाही. पाईप तुमच्या जागेत आहेत आणि नोटीस मिळाल्यापासून त्रास तुम्हाला माहीतही आहे. शिवाय हा चालू राहणारा उपद्रव आहे. मुदत कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो चालू आहे तोवर दाव्याची मुदत पुन्हा पुन्हा सुरू होते. ते दिवाणी न्यायालयात गेले तर जागा पाहायला कोर्टाचा कमिशनर नेमला जाईल आणि पाईप वळवण्याचा आदेश निघू शकेल. त्यापेक्षा या आठवड्यात एल्बो आणि वीसेक फूट पाईप आणून पाणी तुमच्याच मागच्या बागेतल्या शोषखड्ड्याकडे वळवा. पाऊस अजून गेलेला नाही.

६०,००० मात्र लगेच कबूल करू नका. ओल किती जुनी, किती तुमच्या पाण्याची आणि किती त्यांच्या स्वतःच्या गच्चीची, हे इंजिनियरने पाहिल्याशिवाय आकडा ठरत नाही. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या : पाईप वळवले आहेत, संयुक्त पाहणीला तयार आहोत, रक्कम मान्य नाही. आणि शेजाऱ्यांना शेवटी जे द्यावं लागेल, ते ठेकेदाराकडच्या मागणीत नुकसानीचा भाग म्हणून टाकायचं, म्हणून त्या पैशांची पावती घ्या, हातात रोख देऊ नका.

तुमच्या आणि त्यांच्या घरात हळदीकुंकवाचं येणंजाणं आहे असं तुम्ही लिहिलंय. वकिलाचं उत्तर पोस्टात पडण्याआधी स्वतः जा, पाईप कुठे वळवले ते हाताने दाखवा. त्या वेळी एक गोष्ट मागा. कोअर कापण्याच्या दिवशी ठेकेदाराला तारीख-वेळ कळवून हजर राहायला स्पीड पोस्टाने बोलवायचं आहे. बहुधा तो येणार नाही. मग जागेवर पंचनामा लिहून दोन माणसांच्या सह्या घ्यायच्या. एक सही समोरच्या घरातली घ्या, दुसरीसाठी खालच्या शेजाऱ्यांनाच विचारा. रस्ता कुठे उतरतो हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.