अदासाच्या गणपतीला शमी विघ्नेश का म्हणतात?

नागपूर जिल्ह्यातल्या अदासाच्या गणपतीला शमी विघ्नेश का म्हणतात विचारलं नं, तर कथा वामनाची आहे. बळीराजाकडे निघण्याआधी वामनाने इथे शमीच्या झाडाच्या रूपातल्या गणपतीची आराधना केली अन् बाप्पा प्रसन्न झाले असं मानतात, म्हणून हे नाव, म्हणून दुर्वांसोबत शमीची पत्री पण नेत जा. विदर्भातल्या अष्टविनायकात हा येतो. मूर्ती अखंड दगडाची, जवळपास १२ फूट उंच, वरून शेंदूर, मला तर दरवेळी मान पूर्ण वर करूनच हात जोडावे लागतात, इतकं भव्य रूप दुसरीकडे नाही पाहिलं. चतुर्थीला गर्दी असते, एरवी दर्शन निवांत होतं. नागपूरहून गेलात तर जवळच धापेवाड्याचा विठोबा आहे, चंद्रभागेच्या काठी, तिथेही नक्की थांबा, आमच्याकडे त्याला विदर्भाचं पंढरपूरच म्हणतात.